मेळघाटात रुजू होण्यापूर्वी काय शिकावे, आणि कोणाकडून

एका तरुण डॉक्टरांचा प्रश्न माझ्यापुढे आहे. एमबीबीएस पूर्ण करून बंधपत्राच्या एका वर्षाच्या सेवेसाठी ते अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होणार आहेत. त्यांचे घर सांगली जिल्ह्यात, शिक्षण पुण्यात, आणि तेथील कोरकू आदिवासींची भाषा त्यांनी आजवर ऐकलेलीही नाही. रुजू होण्याआधी ‘सांस्कृतिक संवेदनशीलता आणि समावेशन’ या विषयावर त्यांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले; त्यातून हाती काहीच लागले नाही, तेव्हा या कामाची खरी तयारी कशी करावी आणि अशी गोष्ट मुळात शिकवता येते का, असे त्यांनी विचारले आहे. मेळघाटातील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात माझी 22 वर्षे गेली, त्या आधारावर सांगते. शिकता येते. मात्र ते सभागृहात बसून येत नाही. ओपीडीत, रोजच्या रुग्णांबरोबर आणि बरेचसे आपल्याच केंद्रातील कनिष्ठ सहकाऱ्यांकडून शिकावे लागते.

दोन दिवसांची प्रशिक्षणे का फसतात हे मला जवळून माहीत आहे, कारण सुरुवातीच्या वर्षांत मीही तशीच प्रशिक्षणे घेत असे. फळ्यावर ‘कोरकू समाजाची वैशिष्ट्ये’ असा मथळा लिहून त्याखाली मी यादी करीत असे: स्वभाव लाजाळू, भुमकावर (गावच्या पुजारी-वैद्यावर) विश्वास, दवाखान्याची भीती, वेळेचे भान कमी, होळी हा सर्वांत मोठा सण. अशाच एका वर्गात तिसऱ्या रांगेत एक कोरकू एएनएम, म्हणजे गावपातळीवर काम करणारी परिचारिका, बसलेली होती. दिवसभर ती काही बोलली नाही. चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, तुम्ही ज्यांच्याबद्दल सांगत होता ती माझी आई आहे, माझी काकू आहे. आई दवाखान्यात गप्प बसते ते लाजते म्हणून नाही. मागच्या खेपेला सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले होते, म्हणून ती बोलत नाही.” त्या दिवसानंतर मी ती यादी कधीच लिहिली नाही. समोरच्या माणसाला भेटण्याआधीच त्याचा स्वभाव ठरवून देणारी कोणतीही यादी, ती कितीही सद्भावनेने केलेली असो, डॉक्टरचे कान बंद करते, हे मला त्या मुलीने शिकवले.

अमेरिकेतील मेलनी टर्वालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टर महिलांनी 1998 मध्ये हाच मुद्दा मांडला होता. परक्या समाजाची माहिती पाठ करून मिळवलेल्या ‘सांस्कृतिक प्रावीण्या’पेक्षा त्यांनी ‘सांस्कृतिक नम्रता’ महत्त्वाची मानली. आपल्या गृहीतकांची तपासणी आणि डॉक्टर व रुग्ण यांच्यातील सत्तेच्या अंतराची जाणीव या गोष्टी आयुष्यभर चालू ठेवायच्या आहेत, हे त्यांचे म्हणणे. आपल्याकडेही 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे, ही चांगलीच गोष्ट झाली. तुम्ही त्या अभ्यासक्रमातून आला असाल. तेथे शिकलेले विसरू नका, पण ते ज्या मराठीत किंवा इंग्रजीत शिकलात ती भाषा धारणीच्या ओपीडीत निम्मीच उपयोगी पडेल.

म्हणून आधी भाषेकडे येते. कोरकू ही मराठीची बोली आहे, असे अनेक कर्मचारी वर्षानुवर्षे समजत असतात. तसे नाही. मराठी आर्य भाषाकुळातील, गडचिरोलीतील गोंडी आणि माडिया द्रविड कुळातील, तर कोरकू मुंडा गटातील, म्हणजे झारखंडमधील संथाळी आणि मुंडारी यांची ती दूरची बहीण. त्या गटातील सर्वांत पश्चिमेला बोलली जाणारी भाषा हीच. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 7 लाख 27 हजार लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, आणि ते मुख्यतः मेळघाट व त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांत राहतात. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसे. पाण्याला ‘डा’, खाण्यासाठी ‘जोम’. या भाषेत एकवचन आणि अनेकवचन यांच्याबरोबर द्विवचनही आहे, आणि मराठीतील ‘आपण’ व ‘आम्ही’ यांच्यासारखा भेदही आहे. हे सांगण्याचे कारण असे की ‘यांना नीट बोलता येत नाही’ हे वाक्य तुम्हाला केंद्रात ऐकू येईल, तेव्हा नीट बोलता येत नाही ते आपल्याला, हे तुमच्या मनात पक्के असावे. पहिल्या महिन्यात 50 शब्द आणि 10 वाक्ये शिका. पुस्तकातून शिकू नका, केंद्रातील कोरकू सहकाऱ्याकडून शिका, आणि रोजची 15 मिनिटे त्यासाठी ठरवून ठेवा. दुखणे, ताप, जुलाब, श्वास, दूध पिणे, लघवी, भीती हे शब्द आधी घ्या. तुमचे उच्चार चुकतील आणि बायका हसतील, तर हसू द्या. त्या हसण्याने खोलीतील ताण किती उतरतो हे मी अनेकदा पाहिले आहे.

तरीही एका वर्षात तुम्हाला कोरकूत रुग्णाचा पूर्ण इतिहास घेता येणार नाही, दुभाषी लागणारच. माझ्या मते या विषयावरील प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ दुभाष्याबरोबर काम कसे करावे यावर द्यायला हवा, आणि नेमका तोच भाग कोठेही शिकवला जात नाही. प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. एक आई पोराला मांडीवर घेऊन दोन मिनिटे बोलते, हात हलवून काही दाखवते, मध्येच गप्प होते, पुन्हा बोलते, आणि शेजारी उभा असलेला शिपाई डॉक्टरांना सांगतो, “पोट दुखतंय म्हणते.” त्या दोन मिनिटांत बाळ कधीपासून दूध ओढत नाही हे होते, मधल्या काळात कोणाकडे नेले हे होते, घरात काय वाद झाला हेही होते, आणि ते सगळे तीन शब्दांत संपले. शिपायाची यात चूक नाही. भाषांतर हे कौशल्याचे काम आहे असे त्याला कोणी सांगितले नाही, ते त्याच्या कामाच्या यादीत नाही आणि त्याचे त्याला काही मिळतही नाही.

दुभाष्याला तुमच्या शेजारी उभे करू नका. रुग्णाच्या बाजूला, थोडे मागे, खुर्ची देऊन बसवा. प्रश्न विचारताना त्याच्याकडे न पाहता आईकडे पाहा. एका वेळी एकच प्रश्न विचारा. ‘ती म्हणते की’ असे न म्हणता आई जशी बोलली तसे, प्रथमपुरुषी सांगायला त्याला आधीच सांगून ठेवा, आणि न समजलेला शब्द गाळण्याऐवजी तो तसाच कोरकूत उच्चारावा असेही सांगा, कारण त्या शब्दातच पुष्कळदा निदान असते. कुटुंब नियोजन, मारहाण, पाळीचे आजार यांबद्दल नवऱ्याला किंवा सासूला दुभाषी करू नका, आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला तर कशासाठीच करू नका. आईचा गर्भपात मुलीने भाषांतर करून सांगावा अशी वेळ मी एकदा पाहिली आहे आणि त्या मुलीचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. शक्य असेल तेव्हा आशाताईंना बोलवा, आणि त्या ज्या दिवशी हे काम करतील त्या दिवसाचा मोबदला रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून देता येईल का, याचा पाठपुरावा करा.

आता प्रश्न विचारण्याविषयी. 1984 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर रुग्णाचे पहिले निवेदन सरासरी 18 सेकंदांत तोडतात असे आढळले होते. आपल्याकडे 100 रुग्णांची ओपीडी असते तेथे काय होत असेल याची कल्पना करता येते. मी प्रशिक्षणात एक साधे काम देते: एका सहकाऱ्याने कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसायचे आणि रुग्ण बोलायला लागल्यापासून डॉक्टरांनी किती सेकंदांनी मध्ये तोंड घातले एवढेच लिहायचे, असे 10 रुग्ण झाले की कागद डॉक्टरांच्या हातात द्यायचा. कोणतेही व्याख्यान या कागदाइतके काम करत नाही. त्यानंतर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये मांडलेल्या प्रश्नांकडे वळावे, ज्यांचा गाभा असा: या दुखण्याला तुमच्याकडे काय म्हणतात, ते कशामुळे झाले असे वाटते, आत्ताच का सुरू झाले, त्यात सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, आणि उपचाराने काय व्हावे असे तुम्हाला वाटते. ओपीडीच्या गर्दीत सगळे प्रश्न विचारणे शक्य नाही हे मला कळते. भीतीचा एक प्रश्न तरी सोडू नका.

औषध सांगण्याची पद्धतही शिकावी लागते. ‘दिवसातून तीन वेळा’ हे वाक्य घड्याळाने चालणाऱ्या घरासाठी ठीक आहे. जी बाई पहाटे उठून शेतावर जाते आणि दिवस बुडल्यावर परतते, तिला सूर्य कोठे असताना गोळी द्यायची ते हाताने दाखवावे लागते, आणि आजाराचे दिवस मोजताना ‘मागच्या बाजाराच्या आधी की नंतर’ असे विचारले तर उत्तर अचूक येते. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात घालायचे असते, तेव्हा त्या घरात असलेले भांडे किंवा बाटली कोणती हे विचारून त्यावर खूण करून दाखवा. जुलाबात झिंक 14 दिवस द्यायचे असते, पण जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आई गोळ्या जपून ठेवते, पुढच्या दुखण्यासाठी. ही काटकसर आहे, निष्काळजीपणा नाही. आणि ‘समजले का?’ असे कधीही विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी मान डोलावूनच येते. “घरी गेल्यावर सासूबाईंना हे औषध कसे द्यायचे म्हणून सांगाल?” असे विचारा आणि ऐका. ती जेथे अडखळेल तेथे आपले सांगणे चुकले आहे.

भुमकाचा प्रश्न तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. भुमका म्हणजे गावचा पुजारी आणि उपचार करणारा, आणि बहुतेक घरांत आजारी मूल आधी त्याच्याकडे जाते. एखाद्या दिवशी तुमच्यासमोर असे बाळ येईल की ज्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके असतील. मेळघाटात त्याला डंबा म्हणतात. त्या क्षणी राग येणे स्वाभाविक आहे, मलाही येतो. पण आईवर ओरडलात तर पुढच्या वेळी ती डंबा दिलेले मूल दाखवायलाच आणणार नाही, किंवा जखम झाकून आणेल आणि भुमकाकडे गेलो नव्हतो असे सांगेल, आणि आजार नेमका कधी सुरू झाला हे तुम्हाला कळणार नाही. आधी बाळाचा आजार आणि भाजलेली जखम या दोन्हींवर उपचार करा. मग शांतपणे विचारा, आणि डंब्याने बाळाला इजा होते, जंतुसंसर्ग होतो, तो जीव घेऊ शकतो, हे आडपडदा न ठेवता सांगा. समावेशन म्हणजे समोर येईल ते सगळे मान्य करणे, असा अर्थ मी कधीच लावला नाही. बाळाला चटके देणे चूक आहे आणि ते थांबलेच पाहिजे. ते थांबवण्यासाठी भुमकाशीच बोलावे लागते, त्याच्या घरी जाऊन, त्याच्या वयाचा मान ठेवून; धाप लागलेले किंवा दूध न पिणारे मूल लगेच केंद्रात पाठवायचे, एवढी एकच गोष्ट त्याने मान्य केली तरी जीव वाचतात.

येथे मला एका मोठ्या धोक्याबद्दल सांगायचे आहे. ‘संस्कृती’ हा शब्द आरोग्य यंत्रणेच्या फार सोयीचा आहे. एका पोषण पुनर्वसन केंद्रातील घटना सांगते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असलेले, म्हणजे तीव्र कुपोषित, असे दीड वर्षाचे मूल 14 दिवसांसाठी दाखल केले होते. चौथ्या दिवशी पहाटे आई मुलाला घेऊन निघून गेली. केसपेपरवर नोंद झाली: ‘समुपदेशन करूनही नातेवाईक पळून गेले, अंधश्रद्धा.’ दुसऱ्या दिवशी आशाताईंबरोबर मी त्या गावी गेले. घरात चार आणि सहा वर्षांची आणखी दोन मुले होती. बाप मजुरीसाठी बाहेरगावी. शेजारीण तीन दिवस मुलांना भाकर देत होती, चौथ्या दिवशी तिलाही कामावर जायचे होते, तसा निरोप आला होता. बुडीत मजुरीचे पैसे मिळतात हे त्या बाईला कोणी समजेल अशा भाषेत सांगितलेच नव्हते, आणि मोठ्या भावंडांना बरोबर ठेवता येईल का हे तिने विचारले होते, त्याला ‘एका पेशंटबरोबर एकच’ असे उत्तर मिळाले होते. यात अंधश्रद्धा कोठे होती? तिने केले ते कोणत्याही आईने केले असते. दोन दिवसांनी तिन्ही मुलांसह तिला परत आणले, कोपऱ्यातील एक जादा खाट दिली, आणि ती उरलेले सर्व दिवस राहिली. तेव्हापासून मी प्रशिक्षणार्थींना एक नियम घालून देते: अंतर, पैसा, घरी राहिलेली मुले, पावसाळ्यात तुटणारा रस्ता आणि मागच्या वेळी आपण दिलेली वागणूक, या पाच गोष्टी विचारून झाल्याशिवाय केसपेपरवर ‘श्रद्धा’, ‘अज्ञान’ किंवा ‘संस्कृती’ हे शब्द लिहायचे नाहीत.

आपली पद्धत लोकांप्रमाणे बदलता येते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये सर्च ही संस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा असे त्यांनी आदिवासींनाच विचारले, तेव्हा डॉक्टर-नर्सच्या पांढऱ्या कपड्यांनी मृताला गुंडाळण्याच्या कापडाची आठवण होते आणि नातेवाइकांना रुग्णापासून दूर ठेवतात त्याची भीती वाटते, असे पुढे आले. मग शोधग्राम या त्यांच्या परिसरात झोपड्यांच्या वस्तीसारखा, नातेवाइकांना जवळ राहता येईल असा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. बाळाचे श्वास मोजण्याचे त्यांचे साधनही मला फार शिकवून गेले. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक असेल तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा असतो, पण गावातील दाईला 60 पर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून वाळूचे घड्याळ आणि मण्यांची पट्टी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्यावर हात गेला तर बाळ आजारी. दाईला निरक्षर म्हणून बाजूला न सारता तिला जेवढे येत होते तेथून साधनाची रचना सुरू केली. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या त्यांच्या कामाचे निष्कर्ष 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि 2011 पासून अशा गृहभेटी देशभरातील आशाताईंच्या कामाचा भाग झाल्या.

समावेशनाचा विचार करताना आपण नेहमी रुग्णाकडे पाहतो, केंद्राच्या आत पाहत नाही. तुमच्या केंद्रात कोरकू किंवा गोंड कर्मचारी कोणत्या पदांवर आहेत, मासिक सभेत कोण बोलते, दुपारी डबे कोण कोणाबरोबर उघडते, कोणाला ‘अगं’ म्हणतात आणि कोणाला ‘सिस्टर’, हे पहिल्या 15 दिवसांत पाहून ठेवा. आदिवासी परिचारिकेने दिवसभर स्वतःचे काम करून वर सर्वांसाठी भाषांतरही करायचे आणि सभेत तिचे मत मात्र कोणी विचारायचे नाही, अशी वाटणी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. आरक्षणावरून किंवा जातीवरून टोमणे मारणे हा ‘चेष्टेचा’ विषय नव्हे. सार्वजनिक ठिकाणी जातीवरून अपमान केल्यास 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. तुम्ही वैद्यकीय अधिकारी असाल, म्हणजे त्या खोलीतील सर्वांत वरचे पद तुमचे असेल. पहिला टोमणा तुमच्यासमोर मारला जाईल त्या वेळी तुम्ही काय बोलता हे सगळे पाहत असतील, आणि गप्प बसलात तर तेही पाहतील.

शिकण्याची रचना म्हणून मी एवढेच सुचवेन की दर आठवड्याला एक दिवस, ओपीडी संपल्यावर 40 मिनिटे, डॉक्टर, परिचारिका, आशाताई, गटप्रवर्तक, शिपाई आणि रुग्णवाहिकेचे चालक यांनी एकत्र बसावे आणि त्या आठवड्यातील एकच रुग्ण घ्यावा: जो मध्येच निघून गेला, ज्याने औषध घेतले नाही, किंवा जो आपल्याला कळलाच नाही. चर्चेची सुरुवात आशाताईंपासून करावी, डॉक्टरांनी शेवटी बोलावे. चालकाला वगळू नका. रात्री-अपरात्री घरातून रुग्ण उचलून आणताना जे बोलणे होते ते फक्त त्याच्या कानांवर पडते. सहा महिन्यांनी हिशेब मांडताना ‘प्रशिक्षण आवडले का’ हा तक्ता भरू नका. सल्ला न जुमानता निघून गेलेले रुग्ण किती कमी झाले, फेरतपासणीला किती परत आले, आणि बाहेर पडणाऱ्या 10 आयांपैकी किती जणींना औषध कसे द्यायचे ते स्वतःच्या शब्दांत सांगता आले, एवढे मोजा.

तुम्ही फेब्रुवारीत रुजू होणार आहात असे लिहिले आहे. दिवाळीनंतर मजुरीला बाहेर गेलेली बहुतेक कुटुंबे होळीसाठी गावी परततात, त्यामुळे वर्षभर न भेटलेली मुले याच दिवसांत भेटतात. होळीचे मुख्य पाच दिवस सत्र ठेवू नका, कोणी येणार नाही आणि येऊही नये. त्याआधीच्या आठवड्यात लसीकरण आणि वजन-दंडघेर तपासणी घ्या, आणि कामावर परत निघण्याआधी दुसरी फेरी ठेवा. तारखा आशाताईंना विचारून ठरवा, कारण कोणत्या गावात मेघनाथाची जत्रा कधी आहे हे त्यांना माहीत असते. होळीत रस्त्यावर बायका तुमची गाडी अडवून फगवा मागतील. सुटे पैसे जवळ ठेवा, खाली उतरा, आणि शिकलेल्या 10 वाक्यांपैकी एखादे बोलून पाहा.